टिकली, दाभण, उतावळी आणि इतर

उन्हाळा म्हटलं की ज्यांना आंबे आठवतात त्यांचं बरं चाललेलं असतं, अशी माझी समजूत आहे. मला चिखल आठवतो. तलाव आटायला लागल्यावर काठाशी उघडा पडणारा, वरून भेगाळलेला आणि आतून अजून ओला असलेला काळा चिखल. मार्च निम्मा सरला की चौसाळ्याच्या शाळेत मी परीक्षेच्या वर्गावर उभी असते, पोरं माना खाली घालून लिहीत असतात, पंखा नुसता आवाज करत असतो, आणि खिडकीतून तो वास येतो. खरं तर येत नाही. आमच्या गावचा पाझर तलाव शाळेपासून चांगला पाच-सहा किलोमीटर लांब आहे, एवढ्या लांबून वास येत नसतो हे मला कळतं. तरी मी खिडकीशी जाते, नाक वर करते आणि मग स्वतःवरच चिडते. 'मॅडम, पुरवणी,' म्हणून एखादी पोरगी हात वर करते तेव्हा मी तिच्याकडे असं काही बघते की ती बिचारी हात खाली घेते.

आमच्या भागात या दिवसांत तीन गोष्टी एकदम होतात. परीक्षा येतात, तलाव आटतो आणि ऊसतोडीला गेलेली माणसं परतायला लागतात. माझे आई-आण्णा दिवाळीच्या पणत्या विझायच्या आत कारखान्याच्या वाटेला लागायचे. थोरली बहीण, आमची आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तीन वर्षांची असताना मला सांभाळायला कुणीतरी घरी हवं म्हणून दुसरीतून तिचं नाव काढलं. शिकलेली अक्षरं पुढे ती विसरूनही गेली. शेजारी चुलत्याचं घर होतं, त्यांची नजर असायची, दळण-पाणी ते बघायचे. पण नजरेनं पोट भरत नाही. माझ्या ताटात काय पडायचं ते आक्काच्या हातानं पडायचं, आणि माघ-फाल्गुनात डाळीचं डबडं वाजायला लागलं की तिच्या हातात मासे असायचे.

जाळं आमच्याकडे कुठलं असणार! आईचं विटलेलं लुगडं होतं. त्याचं एक टोक आक्का धरायची, दुसरं मी. पाण्यात ती पुढे, मी मागे, आणि दोघींच्या मधे लुगड्याची झोळी. 'वाकडं तोंड करू नको बारके, खाली दाब, पायानं दाब,' असं तिचं चाललेलं. माझ्या बोटांमधून चिखल वर यायचा, गार, लोण्यासारखा. मग ती ओरडायची, 'उचल!' आणि आम्ही लुगडं उचलायचो. पाणी गळून जायचं आणि मधोमध चमचमणारा, तडफडणारा ढीग उरायचा. त्या ढिगात एकही मासा माझ्या करंगळीहून मोठा नसायचा. मोठे मासे मोठ्या माणसांचे असतात, हे मला फार लवकर कळलं.

त्या ढिगाची नावं आक्कानं मला शिकवली. शाळेत अ आ इ येण्याच्या आधी मला ती येत होती. शेपटीपाशी काळा ठिपका असलेली ती टिकली. अंगातून आरपार काटे दिसतात ती काचकी. लांब, बारीक, चोचीची, गोणी शिवायच्या सुईसारखी, तिचं नाव दाभण. चिखलात शिरून बसते आणि पाय ठेवला की तळव्याला गुदगुल्या करते ती मुरी. बोटाला काटा मारते ती शिंगटी. तिचा काटा लागला की आक्का त्यावर थुंकायची, चुलीतली राख दाबायची आणि म्हणायची, 'आता रडून घे, मंग भाकर खा.' पाण्याबाहेर काढल्याबरोबर सगळ्यांत आधी मरते ती उतावळी. तिला हातात घेईपर्यंत संपलेली असायची. आणि एक होता, मोठ्या तोंडाचा, दगडाच्या सावलीत बसून दुसऱ्यांच्या पिल्लांवर टपलेला. त्याचं नाव मुकादम. हे नाव गावानं ठेवलं होतं की आक्कानं, मला आजही सांगता येणार नाही. पण ते नाव घेताना ती आजूबाजूला बघून घ्यायची, कारण ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा खरा मुकादम आमच्याच गल्लीत राहायचा.

नावं अशीच पडत होती. कुणी पुस्तक उघडून ठेवली नव्हती. जी बाई चिखलात उभी राहून रोज ज्या माशाला हात लावते, ती त्याला जे म्हणेल ते त्याचं नाव. ज्याला ते खायचं नसतं, विकायचं नसतं, त्याला ते सगळे सारखेच दिसतात. मी पुढे परळीला डी.एड. करायला गेले. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राच्या राखेचा थर बसायचा, तो झटकता झटकता मी मैत्रिणींना विचारलं, तुमच्याकडं टिकली मिळते का? त्या हसायला लागल्या. 'मच्छी म्हण ना सरळ,' एक जण म्हणाली. त्या दिवसापासून मीही मच्छी म्हणायला लागले. शिकणं म्हणजे काय असतं याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आक्काला चकलांब्याला दिलं. ती सोळा-सतरा वर्षांची असेल. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा दारातच सांगायला लागली की तिकडं टिकलीला टिकली म्हणत नाहीत, भलतंच काहीतरी म्हणतात, आणि हिनं टिकली म्हटलं की सासू सगळ्या गल्लीला बोलावून हसते. 'मी बी मंग त्यांचंच नाव घ्यायला लागले,' ती म्हणाली. 'नांदायचं तर माशाचं नाव कावून धरून बसू?' मी तेव्हा हसले. आज ते वाक्य आठवलं की मला त्या सासूचा राग येत नाही, माझ्या हसण्याचा येतो.

त्यानंतरची वीस वर्षं तिची उसात गेली. दाजी आणि ती, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, अशी मोजणी असते. पोट दुखायचं, अंगावरून जायचं, आणि तोडीत खाडा चालत नाही. मग टोळीतल्या बऱ्याच जणींनी केलं तेच तिनंही केलं. गर्भपिशवी काढून टाकली. पस्तिशीही झाली नव्हती. त्यानंतर तिची कंबर कायमची गेली, मोळी उचलवेना, आणि कोयत्याला तर जोड लागते. दाजींनी दुसरी जोड शोधली. भांडण नाही, मारझोड नाही. एका दिवाळीला गाडी भरली तेव्हा आक्काच्या जागी दुसरी बाई बसली, एवढंच झालं. मूलबाळ नव्हतं. आक्का एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या गावी आली आणि आई-आण्णांच्या माघारी रिकाम्या पडलेल्या खोलीत राहायला लागली. मी तिला चौसाळ्याला माझ्याकडे चल म्हटलं. ती म्हणाली, 'तुझ्या घरी काय करू? तुझ्या नळाला मासे येतेत का?'

आणि तलावानं तिला सांभाळलं. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही, हे असंच घडलं आहे. पाच वर्षं ती उसाला गेली नाही. सकाळी दोन तास पाण्यात, लुगड्याऐवजी आता जुनी मच्छरदाणी, आणि मग दिवसभर दगडावर बसून निवडणं. राखेनं चोळायचे, मीठ लावायचं, पत्र्यावर पसरायचे, कावळे हाकलायचे. सुकलेली टिकली आणि झिंगे घेऊन ती बाजारच्या दिवशी चौसाळ्याला यायची, पोतं अंथरून बसायची, आणि दुपारी शाळेच्या फाटकाशी येऊन माझ्या हातात कागदाची पुडी ठेवायची. माझ्या शिपायाला तो वास सोसायचा नाही. मला लाज वाटायची, हेही खरंच सांगते. पण त्या पाच वर्षांत ती गुटगुटीत झाली होती. दिवाळी आली, गाड्या भरायला लागल्या की ती रस्त्याकडेला उभी राहून सगळ्यांना निरोप द्यायची आणि घरी येऊन चहा करून प्यायची. तो चहा पिताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे.

आमच्या गावाची एक रीत होती. तलाव आटायला लागला की सगळ्या गावानं मासे धरायचे, आडकाठी नाही. पण अगदी शेवटी, जुन्या बुडीत विहिरीपाशी जे डबकं उरतं त्यात कुणी हात घालायचा नाही. त्याला बियाण्याचं डबकं म्हणायचे. ज्वारीची चांगली कणसं बियाण्याला बाजूला ठेवतात, तसंच हे. सगळ्या जातीचे मासे शेवटी तिथेच गोळा होतात, आणि पाऊस पडून तलाव भरला की तिथूनच पसरतात. त्यावर बगळ्यांनी आणि पोरांनी उतरू नये म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकायच्या. हे काम अलीकडे आक्काच करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कंबरेवर हात ठेवून, थांबत थांबत, ती फांद्या ओढत न्यायची. गावातल्या कुणालाही विचारा, ते डबकं सगळ्यांना माहीत होतं. गावाबाहेरच्या माणसाला माहीत नव्हतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. तालुक्याहून एक साहेब आले. तलावाचं काहीतरी चांगलं व्हायचं आहे, योजना आहे, असं सरपंचांनी सांगितलं. साहेब माझ्याशी फार अदबीनं बोलले. म्हणाले, 'ताई, तुम्ही शिक्षिका आहात. तलावात स्थानिक मासे कोणकोणते आहेत, कुठे असतात, कधी अंडी घालतात, एवढं नीट लिहून दिलंत तर मोठं काम होईल.' कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीतच आहे. वर्तमानपत्रात येत असतं ना, स्थानिक जाती, त्यांची नोंद, त्यांचं जतन. मी चहा ठेवला. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

तीन दुपारी मी आक्कासमोर वही घेऊन बसले. ती मासे निवडत होती आणि सांगत होती. इतकी खूश मी तिला तिच्या हळदीलाही पाहिलं नव्हतं. 'लिव, मुरी. मुरी चिखलात एक वीतभर खाली असती. पाणी आटलं तरी मरत न्हाई, वल राहिली की जगती.' मी लिहिलं. 'दाभण सांडव्याच्या बाजूला, लव्हाळ्यात. शिंगटी बांधाच्या दगडाच्या फटीत, दिवसा भाईर येत न्हाई.' मी लिहिलं. मधेच थांबून ती विचारायची, 'हे सगळं सरकारात जाणार?' मी म्हणायचे, हो. 'उतावळीबी?' हो आक्का, उतावळीसुद्धा. ती ओल्या हातानं पदर सारखा करायची आणि पुढचा मासा सांगायची. शेवटी तिनंच आठवण केली, 'आगं, डबक्याचं लिवलंस का? त्ये आधी लिव. कुणी हात लावू नगं म्हणून लिव.' मी लिहिलं. बुडीत विहिरीच्या पूर्वेला, इतक्या पावलांवर, तलाव पूर्ण आटला तरी सर्व जातींचं बीज येथे शिल्लक राहतं, कृपया हे डबकं जपावं. त्याखाली आडव्या रेघांचा सुबक तक्ता काढला, खाली आक्काचं पूर्ण नाव माहिती देणार म्हणून लिहिलं आणि माझी सही ठोकली. त्याची एक झेरॉक्स काढून आक्काला दिली. तिनं ती पेटीत ठेवली.

पुढच्या मार्चमध्ये मी परीक्षेच्या वर्गावर असताना तिचा फोन आला. तिला फोन लावता येत नाही, कुणाकडून तरी लावून घेतला होता. 'बारके, माणसं आल्यात. पेंड टाकायला लागल्यात पाण्यात.' मला काही कळेना. शाळा सुटल्यावर गेले तर काठावर मोहाच्या पेंडीची, माशांना विष असते तिची, रिकामी पोती पडलेली, चुन्याच्या गोण्या फोडलेल्या, आणि उरलेल्या पाण्यावर पांढरा थर. जवळ गेल्यावर दिसलं की तो थर नव्हता, पोटं होती. उतावळी सगळ्यांत आधी वर आली होती, हे सांगायला नकोच. टिकल्या, काचक्या, मग शिंगट्या. बांधाच्या दगडांमध्ये, फटीफटीत पेंडीचा कालवलेला रगडा ओतला होता. चिखलावर चुना पसरून तो फावड्यानं वीतभर खाली उलथला होता. लव्हाळं कापलं होतं. डबक्यावरच्या फांद्या बाजूला ओढल्या होत्या आणि दोन आख्खी पोती तिथे रिकामी केली होती. इतक्या अचूक जागा परक्या माणसांना कशा कळल्या, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच दाबला.

आक्का त्या माणसांशी भांडून आली होती. तिचा घसा बसला होता. मला म्हणाली, 'मी म्हणलं त्यांना, ह्यांची नावं सरकारात गेल्यात. माझ्या बहिणीनं लिवल्यात. कागद हाय. तर एक जण म्हंतो कसा, व्हय मावशे, कागद आमच्यापाशीबी हाय. खोटारडे! सरकारचा कागद आसता तर असं केलं आसतं का त्यांनी?' मी म्हटलं, नाही. तेवढाच एक शब्द मी बोलले.

महिन्याभरानं एका विद्यार्थिनीच्या रहिवासी दाखल्यासाठी मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेले. तिथला माणूस फाईल चाळत होता आणि मधेच मला माझं अक्षर दिसलं. माझाच तक्ता. त्याच्यावर टाचलेला टाईप केलेला कागद, त्यातही तीच नावं, त्याच क्रमानं. वर मथळा होता: 'मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तलावातून काढून टाकावयाचे निरुपयोगी मासे.' आणि माझ्या तक्त्याच्या वर, डबकं जपावं असं मी जिथे लिहिलं होतं, तिथे जागा सांगणाऱ्या ओळीखाली लाल शाईनं रेघ मारलेली होती. 'कृपया' च्या अलीकडेच ती रेघ संपत होती. त्या माणसानं विचारलं, 'मॅडम, बरं वाटत न्हाई का?' मी म्हटलं, ऊन लागलंय.

त्यांची चूक नव्हती असं मला म्हणायचं नाही. पण त्यांना लहान मासे म्हणजे मोठ्या माशांचं खाणं खाणारा कचरा, आणि कचऱ्याची यादी त्यांनी मागितली होती. ती मी दिली. नुसती यादी नाही, प्रत्येकाच्या घरचा पत्ता दिला. जी आक्कानं माझ्या ताटात वाढून मला शिकवली, ती नावं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून त्यांच्या हातात ठेवली, वर चहाही पाजला. शाळेत मी मुलांना सांगत असते, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. सांगताना माझी जीभ आता अडखळते.

पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं सोडली. ती वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी लावली. पूर्वी ओढ्यानं मांजरा नदीकडून काही ना काही वर चढून यायचं, तेही बंद झालं. तलाव ठेक्यानं गेला होता, काठावर ठेकेदाराचा राखणदार बसला. आक्का आपली मच्छरदाणी घेऊन गेली तेव्हा त्यानं ती हातातून ओढून घेतली.

'ए मावशे, हितं उतरायचं न्हाई. मासे इकत घेऊन सोडल्यात.'

'तुझे मासे तुलाच ऱ्हाऊ दे बाबा. मला आमच्यातले बारके पायजेत.'

'बारके कुठं हायत आता?'

'हायत. बियाणं ऱ्हातं. दोन पावसाळे जाऊ दे.'

राखणदार चांगला माणूस होता म्हणायचा. हसला, पण मच्छरदाणी परत दिली नाही. त्या दिवाळीला गाडी भरली तेव्हा आक्का चुलतभावाच्या टोळीबरोबर गेली. कोयत्याला नाही. भाकरी थापायला आणि जमेल तेवढ्या मोळ्या बांधायला. कंबरेला तिनं सुती पट्टा आवळला होता. पेटी बरोबर घेतली. नंतर कुणीतरी सांगितलं की तिकडं कोपीवर, पाचटाच्या त्या झोपडीत, ती तो झेरॉक्स कागद बायकांना दाखवते. 'ह्ये माझं नाव, ह्ये माझ्या बहिणीचं अक्षर.' बायकांनाही वाचता येत नाही. त्या मान हलवतात.

दोन हंगाम असे गेले. आणि या दोन्ही उन्हाळ्यांत परतल्यावर ती काय करत होती? फांद्या ओढत होती. त्या डबक्यावर, ज्यात एक डासाची अळीसुद्धा नव्हती. मी बघत होते आणि काही बोलत नव्हते. तिच्या समाधानासाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत होते. आपण स्वतःला काय काय सांगतो, त्याचीही एकदा यादी करायला हवी.

या वर्षी ती लवकर आली. फाल्गुनातच. मोळी बांधताना कंबरेत चमक भरली, दोन दिवस कोपीतून उठता येईना, तेव्हा भावानं एसटीत बसवून दिलं. परवा रविवारी मी गेले. ती दारात पोतं टाकून एका कुशीवर आडवी होती. मी रोहू नेला होता चौसाळ्याहून, तुकडे करून. येसर मसाला घालून कालवण केलं. तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. 'ह्याला चव कावून न्हाई गं? कापूस खाल्ल्यावानी लागतंय.' मग आपोआपच तिचं सुरू झालं. यंदा पाऊस चांगला आहे म्हणतात. राखणदाराला सांगितलेले दोन पावसाळे गेले, हा तिसरा. आता बियाणं वर येणार. मुरी तर नक्की असणार, ती मरतच नाही. एकदा टिकली दिसली की ती काही उसाला जाणार नाही, मुकादम दारात येऊन बसला तरी. आणि म्हणाली, 'चुलतभाऊ इचारत हुता, पुढल्या सालाचं नाव लिवू का. मी म्हणलं, थांब. पाऊस पडू दे. मासे बघते, मंग सांगते.'

मला ते ऐकवेना. तिचं सगळं आयुष्य त्या डबक्यावर टांगून ठेवलेलं मला दिसत होतं, आणि त्यात काही नाही हे या गावात मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षं जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते त्या वेळी बाहेर आलं. मी पेटीतून कागद काढून आणला. म्हटलं, 'आक्का, ह्या कागदाचं त्यांनी काय केलं ते तुला सांगायचंय.' आणि सांगितलं. मथळा सांगितला, शब्द न् शब्द. लाल रेघ सांगितली. पेंड कुठे कुठे टाकायची ते त्यांना कुणाकडून कळलं ते सांगितलं. मुरी वीतभर खाली असते, म्हणून वीतभर खाली चुना. मी रडत होते. मला माफ कर, असंही म्हणाले. ती आडवी होती ती उठून बसली, कंबर धरून, हळू. कागद माझ्या हातातून घेतला, तिचं नाव कुठं आहे तेवढं तिला ओळखता येतं, तिथं बोट ठेवलं.

'म्हंजी मीच दावलं व्हय त्यांना,' ती म्हणाली. 'डबकं, मुरी, समदं मीच सांगितलं. तू तर निस्तं लिवलंस.'

ती पुढे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, 'चुलतभावाला फोन लावून सांग. पुढल्या सालाला माझं नाव घाल म्हणावं.'

नाही आक्का, चूक माझी आहे, असं त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. ते म्हणायलाच तर मी कागद काढला होता. पण ती 'तू तर निस्तं लिवलंस' म्हणाली, तेव्हा माझ्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. मला हलकं वाटलं. आणि ते हलकेपण जाऊ नये म्हणून मी गप्प बसले.